आज रक्त नको, चहा घ्या

कुंदाताई,

रक्त होतं. हे सगळ्यांत आधी लिहून टाकतो, कारण तू गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी लोक उलटं सांगायला लागले. तुझ्या गटाच्या पिशव्या ब्लड बँकेत तयार होत्या आणि आणखी एक माणूस बाहेर बाकावर बाही दुमडून बसला होता. सिकलसेलनं या वेळी तुझी छाती गाठली. डॉक्टरांना जे करता येत होतं ते त्यांनी केलं. ज्या गोष्टीसाठी तू इतकी वर्षं जिने चढलीस-उतरलीस, ती त्या दिवशी अगदी बरोबर घडली, आणि तरी तू गेलीस.

हे मी शांतपणे लिहितो आहे. तुला माझा पत्रकी आवाज आवडायचा नाही. "तू जेवाले बी बोलावशीन तं घोषणा देल्यासारखा," असं तू म्हणायचीस. त्यात माझा दोष नाही. बाबा रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या छापखान्यात कामाला होते. फसलेली पत्रकं ते घरी आणायचे आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवायचो. पान उलटलं की दुसऱ्या बाजूला संप, मोर्चा, धिक्कार, जाहीर सभा. मराठी मी दोन्ही बाजूंनी शिकलो. तू शेजारच्या क्वार्टरमधली, माझ्याहून बरीच मोठी. हात-पाय दुखायला लागले की तुझ्या आईच्या लुगड्यात गुंडाळून पडायचीस, आणि मी ओट्यावरून मोठ्यानं पत्रकं वाचायचो. "आवाज कमी कर रे पोट्ट्या, हाडात जाते तुह्या आवाज," असं तू ओरडायचीस.

हाडात काय जातं ते मला फार उशिरा कळलं. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांमध्ये अडकतात आणि जिथे अडकतात तिथे माणूस किंचाळतो. विदर्भातून रेल्वेबरोबर इकडे आलेल्या आपल्या किती घरांत तो आजार आला, कुणी मोजलं नाही. आपले आजोबा पेटी, वळकटी आणि बुद्धाची तसबीर घेऊन आले म्हणून सांगतात. हाही सोबत आला होता, ते कुणी सांगत नाही.

मग राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं. लाल दिव्याच्या गाड्या आल्या. मोठा दवाखाना दुसरीकडे गेला आणि त्या इमारतीत मंत्रालय बसलं. तुला तिथेच टायपिस्टची नोकरी लागली. लहानपणी तू ज्या वॉर्डात भरती व्हायचीस तिथेच तुझं टेबल आहे, असं तू सगळ्यांना सांगायचीस. खरं-खोटं तुलाच माहीत. "पहिले मी इथं पडून राहत होती, आता सचिवाच्या फाइली पडून राह्यतात," असंही तूच म्हणायचीस. तेव्हाच आपण तात्यापाऱ्यात भांड्याच्या दुकानावरची खोली घेतली आणि दारावर पाटी लावली. दुखणाऱ्या पोरांसाठी वेळेवर रक्त मिळवणं, एवढंच आपल्या संस्थेचं काम होतं.

पहिल्या वर्षी जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालं नसतं, फक्त आपल्याच लोकांच्या हातून होऊ शकतं. विहार समितीचे अध्यक्ष मेश्रामकाका म्हणाले की जयंतीला मिरवणुकीबरोबर रक्तदानही करू. पत्रक मी लिहिलं. पत्रक चांगलं होतं, आजही म्हणतो. चौदा एप्रिलला आख्खी वस्ती आली. निळे फेटे बांधलेली पोरं रांगेत उभी होती. बायका डोक्यावरचा पदर सावरत खाटेवर आडव्या झाल्या. म्हाताऱ्यांना डॉक्टरांनी परत पाठवलं तर ते भांडले, "बाबासाहेबासाठी बी नाही घेत का आमचं?" ब्लड बँकेच्या फ्रिजमध्ये जागा उरली नाही.

मे महिन्यात पिंकीला रक्त लागलं. आपल्या दुखणाऱ्या पोरांतली पिंकी तेव्हा पाच वर्षांची होती. त्याआधी पक्षाघाताचा झटका येऊन तिचा डावा हात लुळा पडला होता. तो पुन्हा येऊ नये म्हणून तिला दर महिन्याला रक्त द्यावं लागायचं, तेही ओ निगेटिव्ह, सहज न मिळणारं. एप्रिलमधल्या पिशव्या आल्या-गेल्याला लागून संपल्या होत्या, काही मुदत उलटून वाया गेल्या होत्या. आपण वस्तीत घरोघर फिरलो. प्रत्येक जण द्यायला तयार होता, पण एकदा दिलं की तीन महिने पुन्हा देता येत नाही. सगळ्या वस्तीचे हात एकदम बंद झाले होते. पिंकीची आई उन्हात आपल्यामागून चालत होती. रक्त शेवटी भिलाईहून आलं, तेही फार उशिरानं. तोवर पिंकीचा डावा पायही ओढल्यासारखा झाला होता, तो तसाच राहिला.

त्या संध्याकाळी तू मेश्रामकाकांना एकच वाक्य बोललीस. "काका, बाबासाहेबाची जयंती एप्रिलात येते, पोरगी बारा महिने बिमार राह्यते."

त्यानंतर तू नियम केलास, आधी चहा, मग रक्त. ज्याला रक्त द्यायचं आहे त्यानं आधी एका आजारी पोराच्या घरी जाऊन चहा घ्यायचा. मग त्याला त्या पोराला रक्त द्यायची बारी मिळणार. प्रत्येक पोराला चार-पाच माणसं, एकामागून एक. मला हे नाटक वाटलं. माणूस हात पुढे करतो आहे आणि आपण त्याला म्हणतो आहोत, जा, चहा पी.

"पाह्य," तू म्हणालीस, "बाटलीले फोन लावता येत नाही. ज्यानं पोरीच्या घरचा चहा पेला, तो आपला फोन उचलते."

आणि तसंच झालं. चहापत्ती-साखर संस्थेकडून जायची, दूध मात्र त्या घरचं. दूध त्यांचंच पाहिजे, यावर तू अडून बसायचीस.

नव्या राजधानीत नवी वर्तमानपत्रं निघाली होती आणि त्यांना रोज पान भरायला काहीतरी हवं असायचं. एकानं पिंकीची गोष्ट छापायचं ठरवलं, फोटोसकट. मी आनंदानं नाचलो. तू विचारलंस, "कवा छापनार?" रविवारी, मी म्हणालो. तू मंत्रालयातून आठवड्याची सुट्टी काढलीस आणि आजारी पोरांच्या घरोघर गेलीस. मला वाटलं, आनंदाची बातमी सांगायला गेली असशील. तू प्रत्येक घरी विचारत होतीस की आठवड्यातून किती पाहुण्यांना चहा पाजू शकाल. जिथे नळाला एक दिवसाआड पाणी यायचं तिथे एकच पाहुणा. जिथे सासू कटकटी होती तिथे एकही नाही. सगळ्या घरांचे मिळून जेवढे कप झाले तेवढीच नवी माणसं आपण घेणार, बाकीच्यांना पुढची तारीख. "पूर येनार म्हनून कोनी नदी रुंद नाही करत. घरातलं सामान वर ठेवते," असं तू म्हणालीस.

आणि मग तालीम घेतलीस, लोकांना परत पाठवायची. मी आयुष्यात पाहिलेलं सगळ्यांत विचित्र नाटक ते. तू दाराबाहेर गेलीस आणि ऐटीत आत आलीस.

"मी कोन?"

"कुंदाताई."

"आता नाही. आता मी मंत्र्याचा मेहुना. घे माह्यं रक्त."

"नाही घेत," मी म्हणालो.

"ए, असा बोलशीन तं मानूस जिंदगीत येनार नाही. पुन्हा!"

"साहेब, आज आमाले गरज नाही."

"गरज नाही? मंग पेपरात काहून रडून राहिले?"

मेश्रामकाका हसून खुर्चीतून पडायचेच बाकी होते. "दे ना जवाब आता, लेखक!"

तू खुर्चीवर टेकलीस, दम लागला होता तुला. "नाही म्हनू नको. कवा ते सांग. साहेब, तुमचं रक्त आज नको, श्रावनात पाहिजे. तवर आमच्या पोरीच्या घरी एक चहा घ्या."

"अन् साहेब म्हनला, श्रावनात मी शिमल्याले हावो, तं?" काकांनी विचारलं.

"तं शिमल्याहून आल्यावर. त्याच्या अंगात काय सडून राहिलं का ते?"

रविवारी भांड्याच्या दुकानासमोर गर्दी मावेना. जिन्यावर, रस्त्यावर, पार चौकापर्यंत माणसं. दुकानदार खाली ओरडत होता, "दीदी, मेरा ग्राहक किधर से आएगा?" कुणी पोतंभर तांदूळ घेऊन आलं होतं, कुणी जुने कपडे. एका बाईनं नवी सायकल आणली होती, पिंकीला चालवता येणार नाही ती. तू जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून प्रत्येकाला कधी ते सांगत होतीस. निम्मे रागावून गेले. मला ते निम्मे दिसत होते, तुला राहिलेले. त्या गर्दीतून जी माणसं टिकली त्यांनी पुढची सगळी वर्षं पोरांना रक्त कमी पडू दिलं नाही. हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही.

त्याच गर्दीतून मिश्राजी आले. भनपुरीत त्यांचे ट्रक, पांढरा सफारी, कपाळावर टिळा, गट ओ निगेटिव्ह. दोन दिवसांनी तू त्यांना पिंकीच्या घरी पाठवलंस आणि मला सोबत दिलंस. ते दारात चपला काढून आत आले, पिंकीच्या डोक्यावरून हात फिरवला, बिस्किटचा पुडा दिला. पिंकीच्या आईनं चहा आणला.

"आज मंगलवार है बहनजी. उपवास है."

"चाय तो चलती है ना भैया, उपवास में?"

"हमारे यहाँ नहीं चलती."

ते पुन्हा आले तेही मंगळवारीच. त्यांनी आपली बारी मंगळवार धरूनच मागितली होती. मला संशय होताच. एकदा मी त्यांच्या मागोमाग ब्लड बँकेपर्यंत गेलो. बाहेरच्या ठेल्यावर उभं राहून त्यांनी पोहे खाल्ले, जिलेबी खाल्ली, वरून चहा प्याला, मग आत जाऊन रक्त दिलं. मी धावत तात्यापाऱ्यात आलो. तू जिना चढत होतीस, कठडा धरून.

"पाह्यलं मी. ठेल्यावर खाल्लं त्यानं. चहा बी पेला!"

"मंग? उपाशी मानसाचं रक्त घेत नाहीत. तुले मालूम नाही का?"

"उपास होता ना त्याले?"

"होता. मोडला त्यानं."

"ठेल्यावर मोडला. पिंकीच्या घरी नाही मोडला!"

"हव," तू म्हणालीस. एवढंच.

मी तुला सोडलं नाही. नियम सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही. रक्त चालतं आणि चहा चालत नाही, तर ते रक्त आपल्याला का चालावं? एका तळ्याच्या पाण्यासाठी आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली आणि तू चहावर पाणी सोडतेस.

तू पायरीवर बसलीस. "तळ्यावर गेले तवा त्यायच्या कडेवर पिंकी नव्हती."

"होती," मी म्हणालो. "हरेकाच्या कडेवर होती."

तू कठड्याला डोकं टेकवलंस. तुझ्याकडे उत्तर नव्हतं की नुसता दम नव्हता, ते मला समजलं नाही. आता समजणारही नाही. मी त्या आठवड्यात पत्रक लिहिलं, मिश्राजींचं नाव घालून. तू ते दोनदा वाचलंस, एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारलंस आणि म्हणालीस, "चांगलं लिहिलं. छापू नको."

"कवा छापू?"

"पिंकी मोठी झाली का तिले विचार. चहा तिच्या घरचा होता, तुह्या नाही."

त्या एका वाक्याचा मला अजून राग आहे. आणि ते खोडून काढता येत नाही याचाही.

तू गेलीस तेव्हा वर्तमानपत्रांनी पुन्हा पान भरलं. मंत्र्यांच्या बंगल्यावरून मेश्रामकाकांना फोन आला. पुण्यानुमोदनाच्या शोकसभेदिवशी विहारासमोर रक्तदानाचं महाशिबिर घ्या, मंत्रीजी स्वतः येतील, स्टेज-माईक आमच्याकडून. फलकावर लिहा, रक्ताअभावी गेलेल्या भगिनीला श्रद्धांजली. काका माझ्याकडे आले, डोळे सुजलेले. "पत्रक तू लिही. तुह्यासारखं कोनी लिहीत नाही."

"काका, रक्त होतं."

"मालूम हाय मले. मीच होतो ना तिथं. पन या एका शब्दानं हजार लोक येत असतीन तं? कुंदाच्या नावानं?"

खरं सांगतो, शीर्षक मला सुचलं होतं. चांगलं होतं. इथे लिहीत नाही.

मी काकांना विचारलं, "हजार लोक येतीन. पिंकीचे चारी मानसं बी त्याच रांगेत राह्यतीन. मंग पुढच्या महिन्यात काय करायचं?"

काकांनी आपल्या हाताच्या शिरेकडे पाहिलं. त्यांना तो मे महिना आठवला असणार. मग नाक पुसून म्हणाले, "स्टेज तं बुक होऊन गेलं रे."

"राहू द्या. चहाचं सांगा."

मंत्री आले नाहीत. लोक आले. विहाराच्या मंडपात मावेनात एवढे, तात्यापाऱ्यातले, पुरानी बस्तीतले, तुझ्या ऑफिसातले, ओळखीचे आणि बिनओळखीचे. त्रिशरण-पंचशील झालं. तुझ्या फोटोसमोर मेणबत्त्या लागल्या. मग पुढच्या रांगेतली पोरं बाह्या वर करून उभी राहिली आणि त्यांच्या मागे आख्खा मंडप. मी माईकपाशी गेलो. इतकी माणसं एका शब्दासाठी समोर उभी आहेत, हे मी लहानपणापासून पत्रकांत वाचत आलो होतो. ती समोर आली तेव्हा मला सांगायचं होतं, घरी जा.

"कुंदाताई रक्त नव्हतं म्हणून गेली नाही," मी म्हणालो. "रक्त होतं. तुमच्यासारख्यांनी वेळेवर दिलं होतं. आज कोणाचंही रक्त घेणार नाही. आज चहा घ्या. कोणाच्या घरी कधी जायचं ते इथे सांगतो."

मागून एक जण ओरडला, "तो बुलाया काहे को, भाई?" तुझी तालीम आठवली. "श्रावणासाठी बोलावलं," मी म्हणालो. थोडे हसले, काही जण गेले. बाकीचे चहाकडे वळले. पिंकीच्या आईनं विहाराच्या मोठ्या पातेल्यात चहा ठेवला होता, आल्याचा.

पिंकी आता दहाची आहे. उजव्या हातात एकेक कप-बशी धरून, पाय ओढत, ती वाटत होती. मिश्राजी मंडपाच्या खांबाशी उभे होते. ती त्यांच्यासमोर थांबली.

"अंकल, आज तो मंगलवार नहीं है."

तिनं भोळेपणानं म्हटलं की जाणून, मला सांगता येत नाही. मिश्राजी हसले. "हाँ बेटा, इतवार है," म्हणाले आणि कप घेतला.

तू असतीस तर तोंड फिरवलं असतंस. मी बघत राहिलो. त्यांनी कप धरला, तुझ्या फोटोकडे पाहिलं, दोनदा कप ओठांपर्यंत नेल्यासारखा केला. चहावर साय धरली. मग त्यांनी तो भिंतीच्या कट्ट्यावर ठेवला, भरलेलाच, आणि वर बशी उपडी झाकली. माशी पडू नये म्हणून असेल. का झाकली, ते मला माहीत नाही.

मग ते माझ्याकडे आले. डोळे लाल होते. "भैया, मंगल को मेरी बारी है ना?"

ताई, त्या क्षणासाठी मी कित्येक वर्षं एक वाक्य घासून ठेवलं होतं. आता संस्था माझ्याकडे आहे, नियम माझ्या हातात आहे. कट्ट्यावर तो कप होता. पिंकी परत आली, तिनं बशी उचलून आत बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. कप पातेल्याशेजारी नेऊन ठेवला आणि दुसऱ्या पाहुण्यासाठी नवा भरून घेतला.

"हाँ," मी म्हणालो. "कुछ खाके आइएगा."

तू ते मान्य केलं असतंस म्हणून मी म्हणालो नाही. तुझं म्हणणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटलेलं नाही. पत्रक माझ्या खणात आहे, तू सुधारलेल्या ऱ्हस्व-दीर्घासकट. ते छापायचं की नाही हे पिंकीला विचारायचं आहे. ती मोठी झाली की विचारीन, म्हणजे ती मोठी व्हायला हवी.

आज सोमवार आहे. उद्या सकाळी मी ब्लड बँकेच्या बाहेर, त्या ठेल्यापाशी उभा असेन.